प्याला कुणाच्या घरी

ऐनालेम : सगळं हिरवं आहे रे. बाराच्या बारा मशिनं हिरवी. एक दिवा जरी लाल असता ना, तर मी पाया पडले असते त्याच्या.

दगमावी : मग जागांचे मेसेज का जात नाहीयेत?

ऐनालेम : तेच तर मी तुला विचारतेय. प्रोग्राम तू लिहिलास, रजा तू घेतलीस, आणि सर्व्हरच्या खोलीत काकडत कोण बसलंय, तर मी.

दगमावी : रजा कशासाठी घेतलीय ते तुला चांगलं माहितीय.

ऐनालेम : मला काही माहीत नाही. मुलीला काही माहीतच नसतं, असाच रिवाज आहे ना? माझ्या घरी कोण येतंय, कशासाठी येतंय, मला कुठे पत्ता.

दगमावी : ऐना, थट्टा पुरे. इथं स्टँडवर जत्रा भरलीय. नव्या वर्षाला गावी निघालेलं अख्खं अदिस अबाबा माझ्या पायावर उभं आहे. सगळ्यांनी सकाळीच पैसे भरलेत आणि जागेचा मेसेज एकालाही आलेला नाही. मेसेज दाखवल्याशिवाय कंडक्टर पायरीवर पाय ठेवू देत नाही. माझे तिन्ही मध्यस्थ कुणाच्या तरी कांद्याच्या पोत्यांवर बसलेत.

ऐनालेम : तिघं कोण कोण?

दगमावी : चर्चचे पाद्री अब्बा तेक्ले, माझे मामा आणि गाशे बेझाबिह.

ऐनालेम : कोर्टात पुकारे करायचे ते गाशे बेझाबिह? अरे देवा. मग बोलणी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणार.

दगमावी : जाऊ देत. आधी ते तिथं पोचू देत. आज सूर्य मावळायच्या आत तुझ्या बाबांसमोर उभे राहिले नाहीत, तर संपलंच सगळं.

ऐनालेम : मला सांगतोस? जन्मभर हेडमास्तरकी केलीय बाबांनी. दोनदा तुझी माणसं परत पाठवली आणि तिसऱ्यांदा आजचा दिवस दिला, तेव्हाच मी ओळखलं, आता ते वेळ बघणार. उशीर झाला की म्हणतील, मुलाला घाई नाही, मग मलाही नाही. पुढं कुणी विषय काढला की रेडिओ मोठा करतील.

दगमावी : तुमच्या डेब्रे बिरहानची गाडी सुटायला अर्धा तास आहे. तिच्या मागची गाडी पोचते ती दिवे लागल्यावर.

ऐनालेम : म्हणून तर तुला फोन केला. बोल, कुठून सुरुवात करू?

दगमावी : बंद करून चालू केलंस?

ऐनालेम : दोनदा. तिसऱ्यांदा करायला गेले तर मलाच लाज वाटली.

दगमावी : डिस्क भरली असेल.

ऐनालेम : अर्धी रिकामी आहे.

दगमावी : मग मेसेज कंपनीकडची लाइन गेली असेल.

ऐनालेम : नाही गेली. माझ्याच नंबरवर मी हातानं एक पाठवून बघितला. लगेच आला.

दगमावी : काय लिहिलं होतंस?

ऐनालेम : "तुमचा नवरा रजेवर आहे."

दगमावी : अजून झालो नाही नवरा.

ऐनालेम : या वेगानं होणारही नाहीस. ऐक आता. शेवटचा मेसेज गेलाय तो आज उजाडायच्या जरा आधी. उजाडलं आणि चिडीचूप. त्यानंतर एक नाही.

दगमावी : आणि चूक कुठली दाखवतोय?

ऐनालेम : कुठलीच नाही. तेच तर भयंकर आहे. विचारलं की म्हणतो, सगळं ठीक आहे. तुझ्यासारखा.

बेझाबिह : पोरा, कुणाशी बोलतोयस इतका वेळ?

दगमावी : ऑफिसात, गाशे. तिथं ड्युटीवर एक बाई आहे, ती बघतेय काय बिघडलंय ते.

बेझाबिह : मग मोठ्यानं लाव की. आमचीही करमणूक होईल. एका म्हातारीनं आपली कोंबडी माझ्या मांडीवर ठेवलीय, तिच्याशी बोलून बोलून माझे विषय संपले.

दगमावी : नको गाशे, इथं गोंगाट फार आहे, स्पीकरवर काही—

बेझाबिह : दाबलं मी बटण. हॅलो, मुली. मी बेझाबिह. बरी आहेस ना?

ऐनालेम : बरी आहे गाशे. तुम्ही बरे? घरचे बरे?

बेझाबिह : देवाची कृपा. तुझे आईवडील?

ऐनालेम : बरे आहेत. तुमची मुलं?

बेझाबिह : बरी आहेत. भावंडं? गुरंढोरं?

दगमावी : गाशे, गाडी.

बेझाबिह : गाडी काय, चार शब्द विचारू नयेत माणसानं? बरं, मुली, तुझं नाव काय?

ऐनालेम : मी... ड्युटीवरची म्हणा, गाशे.

बेझाबिह : म्हणतो. तर ड्युटीवरच्या बाई, प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगा.

ऐनालेम : गाशे, बारा मशिनं आहेत. त्यांच्या पाठीमागे एक प्रोग्राम गुपचूप चालत असतो. कुणी पैसे भरले की तो त्याला गाडीत जागा नेमून देतो आणि मेसेज पाठवतो. तो आज पहाटेपासून काम करत नाहीये. मेला म्हणावं तर मेलेलाही नाही.

बेझाबिह : म्हणजे कामावर हजर, पण काम करत नाही. असे मी पुष्कळ पाहिलेत.

दगमावी : ऐ... अहो बाई, ऐका. तो प्रोग्राम मीच गप्प बसवलाय, ऊठसूट कटकट नको म्हणून. त्याला बोलतं करा. सेटिंगमध्ये "बडबड" आहे, ती चालू करा.

ऐनालेम : "बडबड" असंच नाव ठेवलंयस?

दगमावी : मग काय ठेवायचं होतं?

ऐनालेम : काही नाही. केली चालू. थांब हं. पहिलं मशिन, एतेते वोर्कनेश. दर मिनिटाला उठतंय, एक ओळ लिहितंय आणि परत झोपतंय.

दगमावी : काय लिहितंय?

ऐनालेम : "आज माझी पाळी नाही."

बेझाबिह : असं म्हणाली? मग पुढची साक्ष घ्या. दुसरी कोण?

ऐनालेम : एतेते असेगेदेच. "आज माझी पाळी नाही." तिसरी एतेते मुलू. "आज माझी पाळी नाही." चौथी, तेच. पाचवी, तेच. बाई गं. गाशे, बाराही जणी तेच म्हणतायत. कुणी आजारी नाही, कुणी रुसलेली नाही. सगळ्या टुकटुकीत जाग्या आहेत आणि सगळ्यांना वाटतंय की पाळी दुसरीची आहे.

बेझाबिह : हे तर आमचं कोर्टच झालं. पण थांबा. वोर्कनेश ही या पोराची आई. असेगेदेच माझ्या शेजारी राहते. मुलूची एक छत्री माझ्याकडे राहिलीय. या बायका त्या खोलीत काय करतायत?

दगमावी : ते, गाशे... मशिनांना नावं द्यावी लागतात. मी आईच्या माहबरमधल्या बायकांची दिली, मानाचं एतेते लावून.

ऐनालेम : काय? माहबरची? मला वाटलं, तुझ्या जुन्या मैत्रिणींची आहेत. टाहसास महिन्यापासून मी एकेकीला मनातल्या मनात शिव्या देतेय.

बेझाबिह : तुला काय करायचंय गं त्याच्या मैत्रिणींशी?

ऐनालेम : धूळ मला पुसावी लागते ना, गाशे. म्हणून.

दगमावी : त्याचं असं झालं. मशिनं जुनी आहेत. एकीवर रोजचा भार टाकला की ती तापून बंद पडायची. म्हणून म्हटलं, पाळी लावू. पाळी कशी लावायची याचा विचार करत घरी बसलो होतो, तर समोर आईचं माहबर चाललेलं. बारा बायका, बारा महिने. दर महिन्याला एकीच्या घरी पंगत. जिच्या घरी प्याला, तिनं सगळ्यांना जेवू घालायचं. महिना संपला की प्याला टोपलीत घालून पुढच्या घरी पोचवायचा. मी लहान असल्यापासून बघतोय, एकदाही गोंधळ नाही, दोघींनी एकाच दिवशी स्वयंपाक केला असं नाही. म्हटलं, याच्याहून चांगली व्यवस्था कुठली. तीच उचलली आणि प्रोग्राममध्ये घातली.

ऐनालेम : आणि साहेबांनी वाहवा केली.

दगमावी : केली. मिठाई वाटली होती मी. तूही खाल्लीस.

बेझाबिह : कल्पना वाईट नाही. मुलगा हुशार आहे. मुलीच्या बापाला हे सांगायला हवं. मुली, आम्ही कशासाठी निघालोय ते तुला याने सांगितलं का? याच्यासाठी मुलगी मागायला निघालोय. ती मुलगी तुमच्याच कंपनीत आहे म्हणे. ओळखतेस?

ऐनालेम : येता-जाता दिसते.

बेझाबिह : कशी आहे?

ऐनालेम : फार गुणी, गाशे. दिसायला तर विचारूच नका.

दगमावी : जरा भांडखोर आहे.

ऐनालेम : ती लोकांनी उठवलेली बातमी आहे.

बेझाबिह : मुलीचं ठीक आहे गं. बाप मोठा खट आहे. दोन खेपा झाल्या, आम्हाला बसवून घेतो, कॉफी पाजतो आणि हात हलवत परत पाठवतो.

ऐनालेम : बाबा तसे नाहीत. त्यांना फक्त... म्हणजे, तिचे वडील, आतो सेयफू, तसे नाहीत असं ती सांगत असते.

बेझाबिह : असं होय. बरं बरं. चालू द्या.

दगमावी : प्याला बघा आधी. बाई, प्याला कुणाकडे आहे ते बघा. जिच्याकडे प्याला, तिची पाळी.

ऐनालेम : बघते. काल नेहासे महिना संपला. नेहासेची पंगत होती एतेते झेनेबेचकडे.

बेझाबिह : झेनेबेच? माझी झेनेबेच?

दगमावी : हो, गाशे. तुमच्या घरचा महिना नेहासे ना, म्हणून मशिनालाही तोच दिला.

बेझाबिह : मला कुणी विचारलं नाही. बायको घरात आहे असं समजून मी निवांत, आणि ती इथं बारा जणींत बसून लोकांना जागा वाटतेय.

ऐनालेम : सापडलं. एतेते झेनेबेच म्हणते, "उजाडलं. प्याला पुढच्या घरी दिला." पुढची एतेते शिताये, मेस्केरेम महिन्याची. ती म्हणते, "प्याला पोचला. मेस्केरेम लागला की पंगत मांडीन. आज माझी पाळी नाही."

दगमावी : मग बरोबर आहे की. नेहासे संपला, प्याला शितायेकडे गेला. ती का उघडत नाही?

ऐनालेम : दगमावी, आज तारीख काय रे?

दगमावी : आज? पागुमेची एक.

ऐनालेम : आणि तुझ्या आईच्या माहबरमध्ये पागुमे कुणाकडे असतो?

दगमावी : पागुमे...

ऐनालेम : हं. सांग.

दगमावी : मी आता त्या कोंबडीशेजारी जाऊन बसतो.

बेझाबिह : पागुमे कुणाकडेच नसतो. पाच दिवसांचा कसला महिना आणि कसली पंगत. पागुमेचा पगार नाही, पागुमेचं भाडं नाही. कोर्टानं मला जन्मभर पागुमेत कामावर बोलावलं आणि एक छदाम दिला नाही. नेहासेनंतर प्याला टोपलीत फडकं घालून नुसता ठेवतात, नवं वर्ष लागेपर्यंत. आमच्याच घरी ठेवलाय आत्ता, फळीवर.

ऐनालेम : म्हणजे माझ्या बारा बायका प्याल्यावर फडकं घालून नव्या वर्षाची वाट बघतायत. त्यांच्या मते सगळं अगदी रीतसर चाललंय.

दगमावी : वर्षाचे महिने तेरा, हे मी पाळण्यात असताना शिकलो असेन. शाळेत घोकलं. परीक्षेत लिहिलं. आणि प्रोग्राम लिहिताना डोक्यात आईची बैठक. बारा पाट, बारा बायका.

ऐनालेम : आणि टाहसासमध्ये चालू केलास, म्हणजे याला पागुमे दिसतोय तो आयुष्यात पहिल्यांदाच. वा. हे काम परदेशातल्या कुणाला दिलं असतं ना, तर त्यानं दुसरी हजार घाण केली असती, पण ही एक केली नसती. यासाठी आपलाच माणूस लागतो.

दगमावी : हसू नकोस गं. गाडीचं इंजिन सुरू केलं बघ त्यानं.

ऐनालेम : हसत नाहीये. रडायला येतंय, ते हसण्यासारखं ऐकू येतं.

दगमावी : मग एक कर. हळू सांगतो. पाळी वगैरे नंतर बघू. आधी माझ्या तीन माणसांच्या जागा हातानं टाक. हातानं टाकता येतात.

ऐनालेम : येतात. मिनिटाचं काम आहे. खरं सांगू, सकाळपासून माझं बोट त्या बटणावरच आहे. टाकू?

दगमावी : टाक.

बेझाबिह : हरकत.

दगमावी : गाशे, तुम्हाला ऐकू गेलं?

बेझाबिह : कोर्टात कुजबूज ऐकायचाच पगार मिळायचा मला. तीन जागा हातानं टाकायच्या नाहीत. ही कोंबडीवाली म्हातारी माझ्या आधीपासून इथं बसलीय. नात बाळंत झालीय तिची, ओल्या बाळंतिणीला रस्सा करून घालायला निघालीय. तिच्या नाकासमोरून मी चढायचं, आणि संध्याकाळी लोकाच्या दारात उभं राहून सांगायचं की आमचा मुलगा सरळ वळणाचा आहे? मला नाही जमायचं. सगळ्यांचं होईल तेव्हा आमचं होईल.

ऐनालेम : दगमावी, काढलं मी बोट. गाशे म्हणतात ते बरोबर आहे.

दगमावी : दोघं मिळून माझं लग्न मोडा.

ऐनालेम : मोडत नाहीये, दुरुस्त करतेय. डोकं चालव. शितायेकडे प्याला आहे, फक्त तिला मेस्केरेम लागायला हवा.

दगमावी : तिच्या घड्याळात पाच दिवस पुढे कर. तिला वाटू दे की नवं वर्ष लागलं.

बेझाबिह : लबाडी आहे.

दगमावी : मशिनाशी आहे, गाशे.

बेझाबिह : तेवढ्यापुरतं चालेल.

ऐनालेम : पाच दिवस पुढे केले. शिताये उठली. "मेस्केरेम लागला. पंगत मांडते." मांडली रे, मांडली. मेसेज सुटले. धडाधड सुटतायत. तिकडे आले का?

दगमावी : आले. आले. अगं सगळ्यांचे फोन एकदम वाजले. अख्खा स्टँड वाजतोय. गाशे, बघा तुमचा.

बेझाबिह : चष्मा कुठाय माझा. हं. "आपणांस व आपल्या कुटुंबास नव्या वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा."

ऐनालेम : पुढे?

बेझाबिह : पुढे काही नाही. एक फुलाचं चित्र आहे. पिवळं.

दगमावी : मेलो. वर्ष लागलं की पहिलं काम म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा पाठवायच्या, असं मीच शितायेला सांगून ठेवलंय. जागा त्यानंतर.

ऐनालेम : आणि जागा तिनं मेस्केरेमच्या एकच्या काढल्यात. आजच्या एकही नाही. थांबवते मी, थांबवते. घड्याळ मागे घेतलं. किती जणांना गेल्या शुभेच्छा?

दगमावी : मला वाटतं, सगळ्या देशाला.

बेझाबिह : मुली, तुला दिसत नाही म्हणून सांगतो. इथं बायकांनी आरोळ्या द्यायला सुरुवात केलीय आनंदाच्या. एकानं पोत्यातून ढोल काढला. कंडक्टरला कुणीतरी मिठी मारलीय, तो सोडवून घेतोय. याचा मामा जागा झाला, तो मला विचारतोय, आपण पोचलो का आणि बाप हो म्हणाला का.

ऐनालेम : काय सांगितलंत?

बेझाबिह : म्हटलं, झोप, वर्ष बदललंय फक्त. अब्बा तेक्ले तेवढे चिडलेत. म्हणतात, उपासना न करता वर्ष कसं लागलं.

दगमावी : ऐना, हसणं थांबव. कृपा कर.

ऐनालेम : थांबतच नाहीये रे. पोटात दुखायला लागलं. बरं. बरं, झालं. आता नीट विचार करू.

दगमावी : पाळीच काढून टाक. प्याला बघूच नका म्हणावं, मांडा पंगत.

ऐनालेम : म्हणजे बाराही जणी मांडतील. एकेका माणसाला बारा बारा जागा जातील.

बेझाबिह : अब्बांना दोन लागतातच.

ऐनालेम : नाही. पंगत एकाच घरी हवी. प्रश्न एवढाच आहे की पागुमेचे पाच दिवस प्याला कुणाच्या घरी ठेवायचा. गाशे, तुम्ही मघाशी म्हणालात, तुमच्याकडे फळीवर आहे.

बेझाबिह : फडकं घालून.

ऐनालेम : पण आहे तुमच्याकडेच. नेहासेवालीकडे. माहबरमध्येसुद्धा तो नव्या वर्षाच्या दिवशीच हलतो ना? मग यानं उजाडल्या उजाडल्या शितायेकडे पाठवायची घाई का केली? एतेते झेनेबेचलाच सांगायचं, बाई, प्याला अजून तुमच्याच घरी आहे, पाहुणे गेलेले नाहीत, पागुमे संपेपर्यंत तुम्हीच वाढा.

बेझाबिह : हरकत. सक्त हरकत.

दगमावी : आता काय झालं, गाशे?

बेझाबिह : पोरा, तू माझ्या घरी आला नाहीस नेहासेच्या पंगतीला. घरच्या दारूचे, तेल्लाचे, माठ मी वाहिले. दाबो पावाचं पीठ मी मळलं, या हातांनी. पंगत उठली तेव्हा झेनेबेच आडवी झाली आणि भांड्यांचा डोंगर माझ्याकडे बघत राहिला. अजून माझी कंबर सरळ होत नाही. आणि तुम्ही म्हणता, तिनंच आणखी पाच दिवस वाढायचं?

ऐनालेम : गाशे, हे मशिन आहे. नाव तेवढं त्यांचं आहे.

बेझाबिह : नावावरच तर सगळं असतं. तिला कळलं तर म्हणेल, माझ्या नावानं फुकट राबवून घेतलं, आणि तेही पागुमेत.

ऐनालेम : आत्ताच तापलीय ती जरा, खोटं नाही सांगत. पण मी पंखा तिच्याकडे वळवते. बाकी अकरा जणींचा वारा तिला. दुसरं कुणी नाहीये, गाशे. स्टँडवरची सगळी माणसं तिच्या एका प्याल्यावर अडलीत.

दगमावी : आणि मीही.

बेझाबिह : पंखा नक्की वळवशील?

ऐनालेम : आत्ता वळवला. ऐका आवाज.

बेझाबिह : मग हरकत मागे घेतो. पण मी हो म्हणालो हे त्या झेनेबेचला कळता कामा नये. त्या म्हणजे घरच्या.

ऐनालेम : लिहितेय. "नेहासे संपल्यावर प्याला पुढे देऊ नये. पागुमे संपला की मग द्यावा. तोवर पंगत नेहासेच्या घरीच." दगमावी, वाचून दाखवलं ते बरोबर आहे ना? एकदा सोडलं की सोडलं.

दगमावी : बरोबर आहे. प्याला शितायेकडून परत घे आधी, नाहीतर दोघींकडे होईल.

ऐनालेम : घेतला. ती काही बोलली नाही. समजूतदार बाई आहे. आता झेनेबेच. उठली. थांब. गप्प आहे.

दगमावी : कंडक्टर दार लावतोय.

ऐनालेम : गप्प आहे रे अजून. एतेते झेनेबेच, उठा हो. नवरा दारात उभा आहे तुमचा. बोला काहीतरी.

बेझाबिह : तिला ओरडू नको. ओरडलं की ती मुद्दाम हळू करते.

ऐनालेम : "प्याला माझ्या घरी. पंगत मांडते." मांडली. जागा जातायत. आजच्या. या वेळी आजच्याच आहेत.

दगमावी : वाजला. इथं एकाचा वाजला. दुसरा. म्हातारीचा वाजला, ती मला वाचायला देतेय. आजी, दहावी जागा, खिडकीची. जा, धावा. कोंबडी घ्या. आजी, कोंबडी.

बेझाबिह : दारात चेंगराचेंगरी आहे. कंडक्टर आता हसतोय. सगळे एकदम चढतायत. पोरा, आपलं काय?

दगमावी : पैसे ज्या क्रमानं भरले त्या क्रमानं येतायत, गाशे. आपण उशिरा भरलेत. ऐना, गाडी भरत आली.

ऐनालेम : मला दिसतंय. मी काही करू शकत नाही आता. क्रमानंच येईल.

दगमावी : मागची रांग भरली. आता मधल्या दोन ओळी. ऐना, नाही आला तर मी पायी घेऊन जाईन यांना.

बेझाबिह : तू जा पायी. मी नाही.

दगमावी : अब्बांचा वाजला. मामांचा वाजला. गाशे, तुमचा?

बेझाबिह : माझा फोन कोंबडीनं... हा काय, हा काय. आला. बत्तीस. "प्रवास सुखाचा होवो." फूल नाहीये या वेळी.

दगमावी : चढा. गाशे, चढा लवकर. सामान मी देतो वर. ऐना, मिळाल्या. तिन्ही मिळाल्या. मला नाचावंसं वाटतंय, पण जागा नाहीये नाचायला.

ऐनालेम : मी नाचतेय इथं तुझ्या वाटचं. बारा बायकांसमोर.

बेझाबिह : थांबा. फोन दे इकडे. मुली, आहेस का अजून?

ऐनालेम : आहे, गाशे.

बेझाबिह : माझा एक पाय गाडीच्या पायरीवर आहे. मघाशी तू बापाला बाबा म्हणालीस, तेव्हाच मी मनात नोंद घेतली होती. त्याआधी मैत्रिणींच्या वेळी संशय आला होता.

दगमावी : गाशे, रिवाज आहे तो, तिच्याशी हे बोलायचं नसतं—

बेझाबिह : रिवाज तू मला शिकवू नकोस. तू आधी महिने मोजायला शीक. मुली, तुझ्या बापाला विचारायला आम्ही दोनदा गेलो, तिसऱ्यांदा निघालो. तुला विचारायला आजपर्यंत कुणी आलं नाही. म्हणून विचारतो. हा दुसरा पाय वर घेऊ की खालीच ठेवू? तू सांगशील तसं करीन, आणि कुणाला काही बोलणार नाही. कंडक्टर माझ्याकडे बघतोय गं.

ऐनालेम : वर घ्या, गाशे.

बेझाबिह : घेतला.

ऐनालेम : आणि एक ऐका. बाबा दारातच म्हणतील, आधी बसा. बसू नका. बसलात की कॉफी येईल, कॉफीवर शाळेच्या गोष्टी निघतील, आणि तिसऱ्या कपाला तुम्हीच निघायची घाई कराल. मागच्या दोन्ही वेळी तसंच झालं. तिघंही उभेच राहा, पाय दुखले तरी. पाहुण्याला उभं ठेवून त्यांना नाही म्हणता येत नाही. मला माहितीय.